अष्टौप्रहर बास्केटबॉल

१६ मे १९८० रोजी, शुक्रवारी रात्री, अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहराच्या 'स्पेक्ट्रम' या क्रीडागृहात बास्केटबॉलचा एक सामना झाला. व्यावसायिक बास्केटबॉलच्या अजिंक्यपदासाठी चाललेल्या मालिकेतील तो सहावा सामना. लॉस एंजेलिसच्या लेकर्स संघाने पाचांपैकी तीन सामने जिंकले होते. आणखी एक जिंकला की अजिंक्यपद त्यांचे. परंतु संघाचा आधारस्तंभ करीम अब्दुल-जब्बार हा घोटा दुखावल्यामुळे प्रवासालाच निघू शकला नव्हता. त्याच्या जागी मैदानाच्या मध्यावर उभा राहिला मॅजिक जॉन्सन. वय अवघे वीस, व्यावसायिक खेळातील पहिलेच वर्ष, आणि त्याचे एरवीचे काम म्हणजे चेंडू पुढे नेऊन इतरांना खेळवणे. त्या रात्री या पोराने ४२ गुण केले, फळीवर आपटून परतलेले १५ चेंडू हस्तगत केले, आणि लेकर्सनी १२३ विरुद्ध १०७ गुणांनी सामना व अजिंक्यपद दोन्ही जिंकले. या खेळाच्या इतिहासात एखाद्या नवख्या खेळाडूने इतक्या मोठ्या प्रसंगी इतका मोठा पराक्रम केल्याचे दुसरे उदाहरण सहसा कोणी देत नाही.

आणि तरीही बहुसंख्य अमेरिकनांना तो पराक्रम घडत असताना पाहता आला नाही. सामन्याचे हक्क सी.बी.एस. या दूरचित्रवाणी संस्थेकडे होते. मे महिना हा प्रेक्षकांची मोजणी करण्याच्या महिन्यांपैकी एक. त्या मोजणीवर पुढे जाहिरातींचे दर ठरत. शुक्रवारच्या रात्रीच्या लोकप्रिय मालिका बाजूला सारून त्या जागी बास्केटबॉल दाखवणे संस्थेला परवडणारे वाटले नाही. म्हणून काही मोजकी शहरे वगळता सर्व देशाला हा सामना रात्री साडेअकरानंतर, चित्रफितीवरून, म्हणजे शिळा करून वाढण्यात आला. पुढच्या वर्षीच्या अंतिम मालिकेतील काही सामन्यांच्या वाट्यालाही हीच मध्यरात्र आली.

या घटनेला पुरती वीस वर्षेही झाली नव्हती. तोच खेळ चालवणाऱ्या संघटनेने, म्हणजे नॅशनल बास्केटबॉल असोसिएशनने, २ नोव्हेंबर १९९९ रोजी स्वतःची दूरचित्रवाणी वाहिनी सुरू केली. दिवसाचे चोवीस तास, आठवड्याचे सातही दिवस, विषय एकच : व्यावसायिक बास्केटबॉल. ज्या खेळाला अंतिम सामन्यासाठीही संध्याकाळचे दोन तास मिळत नव्हते, त्याने आता अष्टौप्रहर आपल्या नावे करून घेतले होते. अमेरिकेतील मोठ्या क्रीडासंघटनांपैकी स्वतःची वाहिनी काढणारी ही पहिली. त्या देशाच्या फुटबॉल संघटनेची वाहिनी २००३ मध्ये निघाली, आणि बेसबॉलची त्याहूनही उशिरा, १ जानेवारी २००९ रोजी.

मुहूर्त मात्र फारसा शुभ नव्हता. १९९८-९९ चा मोसम मालक आणि खेळाडू यांच्यातील वेतनाच्या वादात बराचसा बुडाला होता. एरवी प्रत्येक संघ ८२ सामने खेळतो, तेथे त्या वर्षी जेमतेम ५० झाले. जानेवारी १९९९ मध्ये मायकेल जॉर्डनने निवृत्ती जाहीर केली. जगाच्या कानाकोपऱ्यात ज्याच्या नावाने हा खेळ ओळखला जाई, तोच मैदानावरून गेला होता. अशा पडत्या काळात वाहिनी काढणे हे धाडसच होते. आरंभी तिचे नावही इंटरनेटच्या पत्त्यावरून घेतलेले, 'एनबीए डॉट कॉम टीव्ही' असे होते. पडद्यावर गुणांचे तक्ते, आकडेवारी, सामन्यांतील वेचे असा मामला असे. २००३ मध्ये तिने 'एनबीए टीव्ही' हे सुटसुटीत नाव धारण केले.

आता प्रश्न असा की एकाच खेळाला वाहिलेली वाहिनी चोवीस तास दाखवते तरी काय? प्रथमदर्शनी उत्तर सोपे वाटते. या संघटनेत ३० संघ आहेत. प्रत्येकाचे ८२ सामने, म्हणजे मोसमात एकंदर १,२३० सामने होतात. खेळाचा प्रत्यक्ष वेळ ४८ मिनिटांचा असला तरी विश्रांती, थांबे आणि जाहिराती धरून एक सामना साधारण सव्वादोन तास घेतो. सर्व सामने एकापाठोपाठ एक दाखवले तर वर्षाचा जवळजवळ तिसरा हिस्सा सहज भरून निघावा.

परंतु येथेच खरी गंमत आहे. घरची गाय असूनही दूध मात्र विकायला काढलेले असते. चांगले सामने म्हणजे संघटनेची खरी संपत्ती, आणि ती स्वतःच्या वाहिनीवर दाखवण्यापेक्षा दुसऱ्यांना विकण्यात कितीतरी अधिक लाभ. ही विक्री कशी वाढत गेली ते आकड्यांवरूनच पाहावे. १९५३-५४ मध्ये ड्यूमाँट नावाच्या दूरचित्रवाणी संस्थेने देशभर दाखवण्यासाठी १३ सामने घेतले, ते ३९,००० डॉलरना. १९८९ मध्ये एन.बी.सी.ने चार वर्षांसाठी ६० कोटी डॉलर मोजले. आणि जुलै २०२४ मध्ये डिस्ने, एनबीसी-युनिव्हर्सल व ॲमेझॉन या तिघांशी जे अकरा वर्षांचे करार झाले त्यांची किंमत सुमारे ७,६०० कोटी डॉलर. एवढा पैसा देणारा गिऱ्हाईक उत्तम माल स्वतःसाठीच मागणार, हे उघड आहे. म्हणून संघटनेच्या स्वतःच्या वाहिनीला थेट प्रक्षेपणासाठी जे सामने मिळतात ते एकूण सामन्यांचा एक लहानसा अंश असतात. अजिंक्यपदाची अंतिम मालिका तर तिच्या दारावरूनही जात नाही.

याहून चमत्कारिक अडचण दुसरीच आहे. प्रत्येक संघ आपले बहुतेक सामने आपल्या प्रदेशातील एखाद्या स्थानिक वाहिनीला विकतो. त्या प्रदेशात ते दाखवण्याचा अधिकार तिचा. मग राष्ट्रीय वाहिनीवर तोच सामना आला की त्या दोन संघांच्या मुलखात तिचा पडदा काळा करतात. म्हणजे हजार मैलांवरच्या माणसाला सामना दिसतो, आणि ज्या गावचा संघ खेळत आहे त्या गावच्या माणसाला, तो याच वाहिनीसाठी दरमहा पैसे भरत असला तरी, दुसरीकडे धाव घ्यावी लागते. कायद्याच्या दृष्टीने हे निर्दोष असेलही. घरी बसून खेळ पाहणाऱ्याला ते पटवून देणे कठीण आहे.

तेव्हा चोवीस तासांचा हा रांजण थेट सामन्यांनी भरत नाही. तो भरतो बोलण्याने आणि आठवणींनी. रात्री देशभर सामने चाललेले असताना स्टुडिओत बसलेली मंडळी एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर प्रेक्षकाला फिरवून आणतात. निवृत्त खेळाडू एखादा डाव थांबवून, मागे नेऊन, पुन्हा दाखवून त्यातील मर्म सांगतात. उन्हाळ्यात लास व्हेगासला नवोदितांचे सामने होतात, ते दाखवले जातात. स्त्रियांच्या व्यावसायिक लीगचे सामनेही असतात. या बोलण्याचा दर्जा सारखा नसतो. चोवीस तास एकाच विषयावर बोलायचे म्हटले की क्षुल्लक गोष्टीलाही प्रसंगाचे रूप द्यावे लागते. एखाद्या खेळाडूच्या पायाला मुरगळ आली, तर ती दिवसभर पुरवावी लागते. तथापि, जाणत्या माणसाने दहा मिनिटांत एखादी चाल उलगडून दाखवावी आणि पाहणाराची नजर कायमची बदलावी, असेही तेथे घडते. सर्वसाधारण वाहिनीवर त्याला कधीच जागा मिळाली नसती.

उरलेला मोठा वेळ जुन्या सामन्यांचा. यासाठी संघटनेपाशी एक कोठार आहे, आणि या वाहिनीचे खरे बळ त्या कोठारात आहे. १९८२ मध्ये संघटनेने 'एनबीए एंटरटेनमेंट' हा आपला स्वतंत्र चित्रपट विभाग उभारला. न्यू जर्सी राज्यातील सीकॉकस या न्यूयॉर्कलगतच्या गावी त्याचा संसार थाटला गेला. सामन्यांच्या चित्रफिती गोळा करणे, त्यांची नोंद ठेवणे, त्यांतून चित्रपट रचणे हे त्याचे काम. १९८४ पासून तीस वर्षे संघटनेचे प्रमुखपद सांभाळणारे डेव्हिड स्टर्न हे व्यवसायाने वकील. खेळ एकदा खेळला की संपतो, पण त्याचे चित्र पुन्हा पुन्हा विकता येते, हे त्या वकिली बुद्धीने हेरले. वाहिनी ही त्या विचाराची पुढची पायरी.

या कोठाराची किंमत कळावी असा एक किस्सा आहे. १९९७-९८ च्या मोसमात शिकागो बुल्स संघाने संघटनेच्या छायाचित्रण पथकाला आपल्यासोबत वर्षभर राहू दिले. कपडे बदलण्याची खोली, बस, सराव, प्रवास, सारे काही टिपले गेले. जॉर्डनचे त्या संघातील ते अखेरचे वर्ष. जमलेले चित्रण शेकडो तासांचे होते. परंतु जॉर्डनच्या संमतीवाचून ते वापरायचे नाही असे ठरलेले होते, आणि ती संमती मिळेपर्यंत जवळजवळ दोन दशके गेली. तोपर्यंत ते सर्व फडताळात पडून होते. अखेर त्यातून 'द लास्ट डान्स' हा दहा भागांचा माहितीपट तयार झाला आणि एप्रिल २०२० मध्ये जगाने तो पाहिला. पाहिला तो मात्र संघटनेच्या स्वतःच्या वाहिनीवर नव्हे. दाखवण्याचा मान दुसऱ्या, बड्या वाहिनीला मिळाला. कोठार घरचे, पण त्यातला कोहिनूर बाजारात. या वाहिनीच्या नशिबी हे वारंवार आले आहे.

हिंदुस्थानातील प्रेक्षकांचा या खेळाशी संबंध आला तो पहाटेच्या वेळी. न्यूयॉर्कला संध्याकाळी सातला सुरू होणारा सामना आपल्याकडे ऋतुमानाप्रमाणे पहाटे साडेचार किंवा साडेपाचला दिसतो. क्रिकेटसाठी पहाटे उठणारा, ऑस्ट्रेलियातील कसोटीचे धावते वर्णन अंथरुणात रेडिओ कानाशी धरून ऐकणारा माणूस मराठी घरांत नवा नाही. त्याच पहाटेत आता महाविद्यालयांतील मुलांनी बास्केटबॉल बसवला. एकदाच घड्याळ उलटे फिरले. ४ आणि ५ ऑक्टोबर २०१९ रोजी मुंबईत, वरळीच्या एन.एस.सी.आय. क्रीडागृहात, सॅक्रामेंटो किंग्ज आणि इंडियाना पेसर्स या दोन संघांचे मोसमापूर्वीचे सामने झाले. अमेरिकेतील या संघटनेचे संघ हिंदुस्थानात खेळल्याचा तो पहिला प्रसंग. किंग्ज संघाचे प्रमुख मालक विवेक रणदिवे हे मुंबईतच जन्मलेले. त्यांच्या दृष्टीने हे घरी येणेच होते. पहिल्या दिवशी क्रीडागृहात सुमारे ३,००० शाळकरी मुले बसली होती. सामना ज्यादा वेळेत गेला आणि पेसर्सनी तो १३२ विरुद्ध १३१ असा एका गुणाने जिंकला. वरळीला संध्याकाळ होती, आणि अमेरिकेतील शौकिनांना सकाळी न्याहारीच्या वेळी पडद्यासमोर बसावे लागले.

त्याच दिवसांत दुसरीकडे एक दार बंद झाले. ह्यूस्टन संघाच्या एका अधिकाऱ्याने हाँगकाँगमधील निदर्शकांना पाठिंबा देणारा मजकूर प्रसिद्ध केला. चीनच्या सरकारी दूरचित्रवाणीने या संघटनेचे सामने दाखवणे थांबवले. जवळजवळ एक वर्ष ते थांबलेलेच राहिले. सामने दाखवण्याचा अधिकार हाती असणे म्हणजे काय, याचा एवढा स्पष्ट पाठ क्वचितच मिळतो. कोट्यवधी माणसांनी काय पाहायचे नाही हे एका निर्णयाने ठरले.

आणि हा पाठ संघटनेच्या स्वतःच्या वाहिनीलाही लागू पडतो. खेळ ज्याचा, पंच ज्याचे, नियम ज्याचे, वार्ताही त्याचीच, अशी ही व्यवस्था आहे. वर्तमानपत्राचा क्रीडावार्ताहर संघाच्या मालकावर टीका करतो तेव्हा त्याचा पगार दुसरीकडून येत असतो. या वाहिनीवरील वक्त्याचा पगार, थेट म्हणा वा आडमार्गाने म्हणा, ज्याच्याविषयी तो बोलतो त्याच्याकडूनच येतो. २००७ मध्ये टिम डोनाघी नावाच्या पंचाचे प्रकरण उघडकीस आले. सामन्यांवर तो पैजा लावत होता आणि जुगाऱ्यांना आतली माहिती पुरवत होता. त्याने न्यायालयात गुन्हा कबूल केला, पुढच्या वर्षी त्याला १५ महिन्यांची शिक्षा झाली. एखाद्या खेळावर येऊ शकणारे यापेक्षा मोठे संकट नाही, कारण पंचावरचा विश्वास गेला की उरते ती नुसती कसरत. ही बातमी जगाला प्रथम दिली ती न्यूयॉर्कच्या एका दैनिकाने. संघटनेची वाहिनी त्या वेळी सात वर्षे चोवीस तास चालू होती. यात कोणी काही दडवले असे म्हणण्याचे कारण नाही. परंतु घरातल्या माणसाने घराची झडती घ्यावी अशी अपेक्षाच कोणी करत नाही. चोवीस तास बोलणाऱ्या या तोंडाने काही प्रश्न विचारायचे नसतात, हे प्रेक्षकाने ध्यानात ठेवलेले बरे.

या वाहिनीची सर्वात कठीण कसोटी मात्र निराळ्याच मार्गाने आली. ११ मार्च २०२० रोजी ओक्लाहोमा सिटी येथे सामना सुरू व्हायचा होता. खेळाडू मैदानावर येऊन उभे होते, चेंडू वर उडणार एवढ्यात यजमान संघाच्या वैद्यकीय पथकातील एक जण धावत पंचांकडे गेला. युटा संघाचा उंचापुरा फ्रेंच खेळाडू रूडी गोबेर याला कोरोनाची बाधा झाल्याचे निष्पन्न झाले होते. खेळाडू आत गेले. थोड्या वेळाने प्रेक्षकांना घरी जाण्यास सांगण्यात आले. त्याच रात्री संघटनेने संपूर्ण मोसम स्थगित केला.

दुसऱ्या दिवसापासून केवळ बास्केटबॉलसाठी असलेल्या या वाहिनीपाशी बास्केटबॉलच नव्हता. गुणांचे तक्ते नाहीत, उद्याच्या सामन्याची चर्चा नाही, दुखापतींच्या वार्ताही नाहीत. देवळातून मूर्ती हलवल्यावर पुजाऱ्याने काय करावे? तिने कोठार उघडले. जुने सामने, त्यांच्या मागून आणखी जुने सामने, असे दिवसचे दिवस चालले. घरात कोंडलेली माणसे वीस, तीस, चाळीस वर्षांपूर्वीचे निकाल ठाऊक असूनही ते पाहत बसली. मॅजिक जॉन्सनच्या पिढीचे पराक्रम, जे कधीकाळी मध्यरात्री दाखवण्यापुरतेच योग्य ठरले होते, ते त्या पिढीच्या नातवंडांनी भरदुपारी पाहिले. ३० जुलैला फ्लोरिडात, प्रेक्षकांविना, बंदोबस्तात खेळ पुन्हा सुरू झाला. त्या सामन्यातील पहिली बास्केट योगायोगाने गोबेरनेच केली, आणि शेवटचे निर्णायक गुणही त्याचेच ठरले.

त्यानंतर परिस्थिती पुन्हा पालटली आहे. २००८ पासून ही वाहिनी चालवण्याचे काम अटलांटा येथील टर्नर या प्रक्षेपण संस्थेकडे होते. २०२४ च्या नव्या करारांत त्या संस्थेला सामन्यांचे हक्क मिळाले नाहीत, आणि २०२५ च्या ऑक्टोबरपासून संघटनेने वाहिनीचा कारभार परत आपल्या हाती घेतला. तारेवाटे घरोघर पोहोचणाऱ्या दूरचित्रवाणीची ग्राहकसंख्या अमेरिकेत वर्षानुवर्षे घटत आहे. तरुण माणूस सामना हातातल्या फोनवर पाहतो, तोही सबंध नव्हे. एखाद्या झेपेचे अर्धे मिनिट त्याला पुरते. ज्याला चोवीस तासांत केव्हाही, हवा तो वेचा बोटाच्या टोकाशी मिळतो, त्याला चोवीस तासांची वाहिनी कशाला, हा प्रश्न आता तिच्या चालकांपुढे आहे. त्यावर त्यांनी दिलेले उत्तर पुन्हा कोठाराचेच आहे : तीच वाहिनी, तेच जुने सामने, पण फोनवरही.

या कोठारात जवळजवळ सर्व काही आहे. तरी एक सामना तेथे नाही.

२ मार्च १९६२ रोजी पेनसिल्व्हेनिया राज्यातील हर्षी या चॉकलेटच्या कारखान्यासाठी प्रसिद्ध असलेल्या गावी फिलाडेल्फिया वॉरियर्स आणि न्यूयॉर्क निकरबॉकर्स यांचा सामना झाला. अधिकृत नोंदीप्रमाणे ४,१२४ प्रेक्षक हजर होते. फिलाडेल्फियाच्या विल्ट चेंबरलेन या सात फूट एक इंच उंचीच्या खेळाडूने त्या रात्री एकट्याने शंभर गुण केले : ३६ बास्केटचे ७२, आणि ३२ पैकी २८ फ्री थ्रो साधून २८. अखेरच्या मिनिटांत न्यूयॉर्कचे खेळाडू चेंडू त्याच्यापर्यंत पोहोचू नये म्हणून त्याच्या साथीदारांनाच मुद्दाम अडवून नियमभंग करत होते. एका सामन्यात शंभर गुण पुन्हा कोणालाही करता आलेले नाहीत. सामना १६९ विरुद्ध १४७ असा संपला.

तेथे दूरचित्रवाणीचा एकही कॅमेरा नव्हता. मोसम संपत आलेला, गाव लहान, कोण येणार? संघाच्या प्रसिद्धीचे काम पाहणारे हार्वी पोलॅक यांनी सामन्यानंतर एका कागदावर १०० हा आकडा लिहून चेंबरलेनच्या हाती दिला. तो कागद धरून बसलेल्या चेंबरलेनचे छायाचित्र जगभर गेले. चित्राच्या नावाने महत्त्वाचे म्हणून जे काही उरले ते एवढेच.

परंतु फिलाडेल्फियाच्या रेडिओवर बिल कॅम्पबेल यांचे धावते वर्णन चालू होते. रात्री उशिरा त्यातील शेवटचा चतुर्थांश पुन्हा प्रक्षेपित झाला तेव्हा एका विद्यापीठातील विद्यार्थ्याने तो आपल्या टेपवर उतरवून घेतला. रेडिओ केंद्राने जपून ठेवला नाही तो आवाज एका श्रोत्याने ठेवला. २०१६ मध्ये अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाने राष्ट्राने जतन करावयाच्या ध्वनिमुद्रणांच्या सूचीत त्याचा समावेश केला.

बारा मिनिटांच्या त्या खेळात गर्दीचा गलबला आहे, चेंडू चेंबरलेनकडे द्या म्हणून ओरडणारे लोक आहेत, आणि प्रत्येक बास्केटबरोबर चढत जाणारा कॅम्पबेल यांचा स्वर आहे. वाढत वाढत ९८ वर येऊन थांबलेला आकडा; मग पुढचे दोन गुण, आणि त्यानंतर वर्णन करणाराचे शब्द गर्दीच्या आवाजात बुडून जातात. त्या रात्रीची गोष्ट सांगायची वेळ येते तेव्हा एनबीए टीव्हीलाही दुसरा इलाज नसतो. पडद्यावर एक निश्चल छायाचित्र ठेवायचे, आणि मागे रेडिओ लावायचा.